पुरवून खाण्याची विद्या

तृतीय वर्ष कला (इतिहास)

काटकसर या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. ज्याच्या घरी भरपूर आहे त्याने पिठले-भाकरी खाल्ली की आपण त्याला साधा माणूस म्हणतो. ज्याच्या घरी दुसरे काही नाही त्याने तीच पिठले-भाकरी खाल्ली की आपण त्याला गरीब म्हणतो. ताटातला पदार्थ एकच, पण एकाच्या वाट्याला कौतुक येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला कीव. हा फरक विसरून स्वस्त आणि साध्या जेवणाविषयी बोलू लागले की बोलणे भलतीकडे जाते, असे मला वाटते.

हा विषय मनात येण्याचे निमित्त आपल्या स्नेहसंमेलनातलेच आहे. यंदाच्या खाद्यजत्रेत आमच्या वर्गाने 'बहात्तरची थाळी' मांडावी अशी सूचना आली. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, भाकरी, ठेचा; मागे भेगाळलेल्या जमिनीचे चित्र आणि किंमत शंभर रुपये. वर्गात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, 'आपल्या आजी-आजोबांचे अन्न नव्या पिढीला कळायला नको का?' दुसरा म्हणे, 'लोक उपाशी होते आणि तुम्ही त्याची जत्रा करता?' दोन्ही बाजूंचे म्हणणे मला अर्धे पटत होते. थाळी मांडली गेली आणि दुपारपर्यंत संपलीही. मात्र त्या वादात जे नीट बोलले गेले नाही, ते इथे मांडावे म्हणून हा लेख.

आधी बहात्तर म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्रात त्याआधीची दोन वर्षेही पावसाची ओढ होतीच; १९७२ साली तर खरीपही गेले आणि रब्बीही. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग, पुणे जिल्ह्याचा कोरडा पट्टा येथे विहिरींनी तळ गाठला. सरकारने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर रोज सुमारे पन्नास लाख माणसे होती. जगाच्या इतिहासात इतकी माणसे एका राज्यात दुष्काळी कामावर एकाच वेळी क्वचितच आली असतील. रेशनच्या दुकानातून अमेरिकेतून आयात केलेली लाल ज्वारी मिळे. तिला लोक 'मिलो' म्हणत. कामावर सुकडी मिळे. पीठ, गोड आणि तेल यांचा तो कोरडा खाऊ होता. आजही बीड-उस्मानाबादकडच्या (आताच्या धाराशिवकडच्या) म्हाताऱ्या माणसांपुढे 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द उच्चारले की त्यांचा चेहरा बदलतो.

माझी आजी बीड जिल्ह्यातली. त्या वर्षी ती खडी फोडायला जात होती. दिवाळीच्या सुटीत तिला मी मुद्दाम विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मिलोची भाकर थापतानाच तुटायची. पर तुटकी झाली तरी भाकरच की रं ती." मग तिने हुलगे, कण्या, अंबाडी, कोरडे बेसन अशी यादी सांगितली. मी सगळे वहीत उतरवून घेत होतो. कोणाला किती वाढायची, केव्हा वाढायची, हेही तिने सांगितले. आधी लेकरे, मग आजोबा आणि सासरा, मग सासू. मी विचारले, "आणि तू कधी जेवायचीस?" ती म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर." एवढे बोलून ती पुन्हा अंबाडी कशी शिजवायची ते सांगू लागली.

माझ्या वहीत पदार्थांची दोन पाने भरली आणि ते शेवटचे वाक्य एका ओळीत मावले. पण मला जे म्हणायचे आहे ते त्या ओळीतच आहे.

मराठीत 'पुरवून खाणे' असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. असलेले अन्न घरातल्या सर्वांना आणि पुढच्या दिवसांना पुरेल असे वापरणे. ही खरोखर एक विद्या आहे, आणि ती केवळ जिभेवरच्या चवीची नाही. दुष्काळात एकटे धान्य कमी पडत नाही. पाणी आणि सरपणही कमी पडते. तेव्हा जो पदार्थ थोड्या पाण्यात, थोड्या जाळावर, थोड्या वेळात होतो तोच टिकतो. हुलग्याचे माडगे घ्या. हुलगे म्हणजे कुळीथ. हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येणारे हे कडधान्य. ते अख्खे शिजवायचे म्हटले तर जाळ फार लागतो. म्हणून एकदाच भरपूर भाजून दळून ठेवायचे. मग रोज वाटीभर पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते पाच-सहा वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचे, मीठ आणि असलाच तर गुळाचा खडा घालायचा. पाच-दहा मिनिटांत चार माणसांना गरम काही मिळते. भाजण्याचे कष्ट एका दिवसाचे, आणि इंधनाची बचत महिनाभराची.

पिठल्याचेही तसेच. डाळ शिजायला जो वेळ लागतो त्याच्या पाव वेळात बेसन शिजते. शिवाय पिठल्याला पाणी वाढवता येते. अचानक दोन पाहुणे आले तर डाळीचे वरण फिके पडते. पिठले मात्र पातळ होऊन सर्वांना पुरते आणि लसूण-मिरचीच्या फोडणीने आपली अब्रू राखते. कण्यांचा हिशेब आणखी वेगळा. ज्वारी ओलसर करून कांडायची, भरडायची आणि चाळायची. खाली पडलेले पीठ भाकरीला आणि वर राहिलेल्या कण्या शिजवायला. एकाच पायलीत दोन जेवणे. कण्या पाणी पिऊन फुगतात, पोटात जड बसतात, आणि अंबाडीच्या आंबट भाजीबरोबर किंवा ताकाबरोबर उतरतात. ठेच्याचे कामही लक्षात घेण्यासारखे आहे. कालवण थोडे असले की कोरडी भाकरी घशाखाली जात नाही. दोन मिरच्या, चार लसणाच्या पाकळ्या आणि मीठ एवढ्यावर अख्खी भाकरी जाते.

या बायकांनी आहारशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते, पण त्यांच्या ताटाची जोडणी शास्त्राला धरून होती. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. कुळीथ किंवा हरभरा यांत ते भरपूर असते आणि त्यांच्यात जे उणे असते ते धान्यात मिळते. म्हणजे भाकरी आणि पिठले, भाकरी आणि हुलग्याची आमटी ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. दोन्ही वेगवेगळे जेवढे पोसतील त्याहून एकत्र जास्त पोसतात. खोलीत चहा-बिस्किटांवर आणि दोन मिनिटांच्या शेवयांवर परीक्षा काढणाऱ्या आम्हा वसतिगृहवाल्यांनी एवढे तरी शिकायला हरकत नाही.

इथपर्यंत थाळी मांडणारा आमचा तट बरोबर आहे. ही विद्या आहे, ती शिकण्यासारखी आहे, आणि ती जाणणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. पण थाळीवर जे लिहिलेले नसते तेही पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की पुरवून खाणे हे बहुतेक वेळा कुणाच्या तरी पोटातून पुरवले जात होते. भाकऱ्या आठ आणि माणसे सात असली की हिशेब बरोबर येतो. भाकऱ्या पाच झाल्या की तो बाईच्या ताटातून बरोबर केला जातो. वाढणारी शेवटी जेवते आणि पातेले खरवडते, या रीतीला आपण संस्कार म्हणत आलो. दुष्काळात त्या संस्काराची किंमत रक्ताने मोजावी लागते. दिवसभर खडी फोडून आलेली बाई घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसे आणि शेवटी उरले तर खाई. 'आमच्या आजीच्या हातच्या माडग्याची चव काही औरच' असे म्हणणाऱ्या प्रत्येक नातवाने एकदा विचारावे की त्या माडग्यातले आजीला किती मिळाले.

दुसरी गोष्ट जातीची. आपण 'आपल्या पूर्वजांचे अन्न' म्हणतो तेव्हा कोणाचे पूर्वज डोळ्यांपुढे असतात? ज्यांच्या घरी हुलगे भाजून ठेवायला मुळात हुलगेच नव्हते, त्यांचे ताट कोणत्या थाळीत येते? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याविषयी आहे. ते वाचताना कळते की काही घरांना बहात्तर साल दर वर्षीच येत होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. हिशेबी माणूस म्हणेल, फुकटचे अन्न सोडणे ही कसली काटकसर? पण फुकट मिळणाऱ्या त्या अन्नाची किंमत स्वाभिमानाने चुकवावी लागत होती, आणि ती किंमत द्यायला त्या माणसांनी नकार दिला. स्वस्त अन्नाच्या इतिहासातले मला तरी हे सर्वांत मोठे पान वाटते. ते कोणत्याच खाद्यजत्रेत दिसत नाही.

तिसरी गोष्ट, जुने ते सगळे पौष्टिक असा जो नवा समज पसरतो आहे त्याविषयी. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ पिकते. पाऊस नसला तरी ती तग धरते, म्हणून दुष्काळात गरिबाचा आधार ती. पण महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झाले तर पायांतली शक्ती जाऊन माणूस लुळा होण्याचा धोका असतो. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात, आणि त्याच कारणाने १९६१ साली केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे त्या बंदीवर बरेच वाद झाले. पण एवढे खरे की माणसे ती डाळ चवीसाठी खात नव्हती. दुसरे काही नव्हते म्हणून खात होती. टंचाईचे अन्न कधी शहाणपणाचे असते, कधी केवळ नाइलाजाचे. दोन्हींना एकच आरती ओवाळता येत नाही.

आणि चौथी गोष्ट इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थोडक्यात कसे भागवावे हे सांगणारा कोण, यावर सगळे अवलंबून असते. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, एवढी मजुरी पुरेशी ठरवली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! तिजोरीच्या दृष्टीने तीही काटकसरच होती. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक सहकाऱ्यांसह धनकवडी येथे बालाश्रम चालवून भुकेल्या मुलांच्या पोटाची सोय केली. तेथेही अन्न साधेच असणार आणि पैशाची ओढाताण तर रोजचीच. पण एक हिशेब माणूस किती कमीत जगेल याचा होता, आणि दुसरा असलेल्यात किती मुले जगतील याचा. आकडे सारखे दिसले तरी हे दोन हिशेब एक नव्हेत.

बहात्तर सालीही माणसे माडग्याने वाचली नाहीत. ती मजुरीने वाचली. कामावर जाऊन हातात पैसे आले, त्या पैशांनी रेशनचे धान्य घेता आले, म्हणून पाऊस पूर्ण फसूनही १९४३ च्या बंगालसारखी प्रेतांची रास आपल्याकडे पडली नाही. बंगालमध्ये लाखो माणसे गेली; तेथे प्रश्न केवळ धान्य नसण्याचा नव्हता, ते विकत घेण्याची ताकद नसण्याचा होता, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशभरासाठी कामाच्या हक्काचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा बहात्तरच्या दुष्काळाने दिलेला खरा धडा. 'बहात्तरची थाळी' मांडताना हुलगे आठवावेत, पण हजेरीपटही आठवावा.

आता आजचे पाहू. शासनाने स्वस्त जेवणाच्या योजना दोनदा गाजवल्या. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. करोनाच्या काळात तिची किंमत पाच रुपयांवर आणली होती. या योजनांत पुढे काय बिघडले, कोणाच्या जागा कोणी बळकावल्या, हा वेगळा विषय आहे. मला त्यांतला एक फरक दिसतो. १९९५ मध्ये गरिबाचे जेवण म्हटल्यावर भाकरी आठवली. २०२० मध्ये चपाती आणि भात. मधल्या काळात ज्वारी ताटातून उठून गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, ज्वारीचा पेरा घटत गेला, आणि आज बाजारात चांगली ज्वारी गव्हाहून महाग असते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारी-नाचणीची बिस्किटे चकचकीत पाकिटांत आली. ज्या धान्याला काल कमी प्रतीचे म्हटले ते आज आरोग्याचे झाले, आणि ज्यांनी ते शतकानुशतके पिकवले, खाल्ले, त्यांना ते परवडेनासे झाले. तेव्हा 'जुन्या काळासारखे खा, स्वस्तात भागेल' हा उपदेशही आता तपासून घ्यावा लागतो. साधे अन्न आणि स्वस्त अन्न यांची फारकत झाली आहे.

मग आपण करायचे काय? थाळी मांडूच नये, असे मी म्हणणार नाही. विसरण्यापेक्षा आठवण चुकीची झाली तरी बरी. ती दुरुस्त करता येते. माझ्या मते तीन गोष्टी आपल्याला सहज करता येतील.

पहिली, स्वयंपाक शिकावा, आणि तो मुलांनी आधी शिकावा. आमच्या खोलीत आम्ही चौघे आहोत. गेल्या पावसाळ्यात खाणावळ महिनाभर बंद होती, तेव्हा एका शेगडीवर आम्ही पिठले, माडगे आणि मुगाची खिचडी एवढ्यावर महिना काढला. भाकरी कोणालाच जमली नाही, ती विकत आणली. पण एक नियम पाळला: ज्याची पाळी असेल त्याने करायचे, आणि सर्वांचे पान एकदम वाढायचे. करणाऱ्यानेही त्याच वेळी बसायचे. कमी पडले तर चौघांना कमी पडेल. नियम अगदी साधा आहे, पण आमच्यातल्या एकाच्याही घरी तो पाळला जात नव्हता. पुरवून खाण्याची जुनी विद्या घ्यायची असेल तर ही दुरुस्ती करूनच घ्यावी लागेल.

दुसरी, आपल्या इतिहास आणि मराठी विभागांनी मिळून बहात्तर पाहिलेल्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्या वेळी वीस-बावीस वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. उशीर करून चालणार नाही. प्रकल्प म्हणून दर वर्षी आपण पुस्तकांतून उतारे काढतो, त्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे होईल. मात्र नुसती पाककृती लिहून आणू नये. धान्य कोठून आले, पाणी कोणी आणले, दळले कोणी, आधी कोण जेवले, शेवटी कोण, आणि कोणाच्या घरी काहीच शिजले नाही, हेही विचारावे. वाड्यावरच्या बाईला विचारावे, आणि वस्तीवरच्याही.

तिसरी, पुढच्या वर्षी खाद्यजत्रेत ही थाळी पुन्हा लागलीच, तर तिचा नफा वसतिगृहातल्या त्या मुलांच्या जेवणखर्चाला द्यावा, ज्यांच्या घरून महिन्याच्या वीस तारखेनंतर पैसे येत नाहीत. अशी मुले आपल्यात आहेत. ती रात्री 'भूक नाही' म्हणून लवकर झोपतात. त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. बहात्तर साल संपून पन्नासहून अधिक वर्षे झाली, पण 'भूक नाही' हे वाक्य अजून तसेच आहे. घरातल्या बायका ते म्हणत आल्या, आणि आता वसतिगृहातली मुले म्हणतात. मित्रहो, पुन्हा कधी कोणी आपल्यासमोर ते म्हणाले, तर एवढेच करावे: आणखी एक वाटी पाणी घालून पिठले वाढवावे, आणि त्याला शेजारी बसवावे.